अळंब्या काढायला कोण गेलं

वर्गपाठाच्या 42 वह्या टेबलावर होत्या आणि बाहेर चार दिवस न थांबलेला पाऊस. स्टाफरूमची खिडकी नीट लागत नाही, त्यामुळे वरच्या दोन-तीन वह्यांचे पुठ्ठे मऊ पडले होते. एकेक वही ओढायची, तपासायची, सही करून बाजूला ठेवायची असं चाललं होतं. एका वहीतलं पहिलंच वाक्य होतं : ‘मिरगाचा पाऊस पडून गेल्यावर मी आईसंगट अळंब्या काढायला गेलो.’ लिहिणारी मुलगी. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीकडच्या एका गावातून पहाटेची बस धरून येणारी. माझा हात थांबला नाही. ‘गेलो’भोवती लाल गोल, वर ‘गेले’. पुढे ‘मी वाकून बघितलो’, तिथे ‘बघितलं’. ‘संगट’ खोडून ‘बरोबर’. दीड पानात 17 गोल झाले. खाली ‘व्याकरणाकडे लक्ष द्यावे’ असं लिहिलं, 10 पैकी 5 गुण दिले आणि पुढची वही ओढली.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती वही घेऊन टेबलाजवळ उभी राहिली. सगळे बाहेर जाईपर्यंत थांबली होती. म्हणाली, “मॅडम, आमच्यात बाईमाणसंबी असंच म्हणतात. आईबी ‘मी गेलो’च म्हणती.” आवाजात तक्रार नव्हती. आपल्या घराविषयीची एक माहिती मला नसावी, ती द्यावी, एवढंच होतं. मी म्हटलं, “बोलताना चालतं गं. लिहिताना मात्र ‘गेले’च लिहायचं.” तिने मान हलवली. आठवड्याने तोच मजकूर पुन्हा लिहून आणला. त्यात एकही चूक नव्हती. ‘मी आईबरोबर अळंबी काढण्यासाठी गेले. तेथील निसर्ग अतिशय रमणीय होता. आम्हाला खूप आनंद झाला.’ पहिल्या वहीत एक वारूळ होतं, ते इथे नव्हतं. आईने खुरपं घरीच ठेवायला लावलं होतं, ते नव्हतं. न उमललेल्या कळ्यांवर पान झाकून ठेवल्याचं होतं, तेही नव्हतं. अर्ध्या पानात सगळं आटोपलेलं. त्या अर्ध्या पानाला मी 8 गुण दिले.

घरी येताना बसमध्ये ते दोन आकडे डोक्यातून जाईनात.

बेळगावात डिग्रीच्या मुलांना भाषा विषय म्हणून मराठी शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. बी.ए.ची मुलं, बी.कॉम.ची मुलं, थोडी बी.एस्सी.ची. येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कडोली, खानापूर, नंदगड, काही पलीकडच्या चंदगडची. बहुतेकांची दहावीपर्यंत मराठी शाळा झालेली असते, पी.यू.सी.त, म्हणजे अकरावी-बारावीत, गणित-कॉमर्स इंग्रजीतून येतं, कचेरीत कन्नडमधून अर्ज भरावा लागतो, आणि मराठी उरते घरात, गणपतीच्या मंडळात आणि माझ्या तासाला. सुरुवातीची काही वर्षं मी निबंध लिहून घ्यायची ते शाळेतलेच विषय मोठे करून. पावसाळ्यावर निबंध दिला की 50 वह्यांत धरणीमाय हिरवा शालू नेसायची. ज्या मुलाची चप्पल त्या सकाळीच ओढ्यात वाहून गेली होती, ज्याचं दप्तर खताच्या पोत्यात गुंडाळून आलं होतं, तोही हिरवा शालूच लिहायचा. ते वाक्य कुठून येतं ते मला ठाऊक होतं. गाईडमधून, आणि गाईडच्याही आधी आमच्यासारख्या शिक्षकांच्या ‘छान’ या शेऱ्यातून.

म्हणून मी तीन गठ्ठे केले. अन्न, निवारा आणि निसर्ग. प्रत्येक गठ्ठ्यात सात-आठ उताऱ्यांची झेरॉक्स. काही ललित लेख, काही आत्मकथनांचे तुकडे, एका पाककृतीचं जुनं कात्रण, गवंड्याने कागदाच्या पाठीवर लिहिलेला घराचा हिशेब, वाळवीवरचा एक शास्त्रीय लेख. मुलांनी आधी वाचायचं, मग घरात कुणाला तरी एक प्रश्न विचारून यायचा, मग लिहायचं. ‘रमणीय’ आणि ‘निसर्गरम्य’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत. कुठलंही काम लिहायचं ते हात जसजसे चालतात त्या क्रमाने. मोठ्या विषयांवर मुलांची मतं उसनी असतात, ती वयामुळे असतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण आपल्या घरात भाकरीला पाणी किती घालतात, परड्यात काय लावलंय, कौलं परतायला कोण चढतं, हे त्यांच्याहून जास्त मला माहीत नसतं. तिथे त्यांना लिहिताना माझ्याकडे बघावं लागत नाही. त्यांनी सांगायचं आणि मी विचारत राहायचं.

अन्नाचा गठ्ठा पहिला, कारण जेवणावर बोलायला कुणी लाजत नाही असं मला वाटायचं. तसं नसतं. मुलं लाजतात. एका मुलाने लिहिलं होतं, ‘माझी आई स्वयंपाकाची कामे करते.’ एवढंच. मी त्याला विचारलं, कसला स्वयंपाक? तर लग्नाच्या ऑर्डरीचे मांडे. मांडे म्हणजे बेळगावची शान, लग्नाच्या रुखवतात मांड्यांची चळत नसेल तर बायका नावं ठेवतात, आणि हा मुलगा ते एका ओळीत झाकून टाकत होता. मी म्हटलं, आईबद्दल काही लिहू नकोस. फक्त तिचे हात लिही, पीठ हातात घेतल्यापासून मांडा घडी होईपर्यंत. त्याने तीन पानं लिहिली. सारण भरलेली लाटी आधी पोळपाटावर पुरीएवढी होते, मग आई ती उचलते आणि दोन्ही हातांच्या पाठीवर घेऊन फिरवत राहते. बोटं आत मुडपलेली, कारण नख लागलं की मांडा गेला. लाटी आधी मनगटापर्यंत येते, मग कोपरापर्यंत, आणि तिच्यातून आईच्या बांगड्या दिसायला लागल्या की पालथ्या खापरावर पडते. खापराखाली जाळ. मांडा टाकताना हात आगीच्या इतका जवळ जातो की ‘आईच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत केस नाहीत.’ मांडा भाजायला फार वेळ लागत नाही. गरम असतानाच चारी बाजूंनी दुमडायचा, निवला की तो मोडतो. त्याने शेवटी लिहिलं होतं की घरी आम्ही मांडे कधी खात नाही, मोडलेले असले तर दुधात घालून खातो. मी ती वही वर्गात वाचून दाखवायला मागितली. त्याने चार दिवस विचार करून दिली.

त्याच गठ्ठ्यात एका मुलीने पुरणाच्या कडबूवर लिहिलं. तिची आई बैलहोंगलकडची, माहेरी कन्नड बोलणारी, वडील कंग्राळीचे मराठी. घरात रताळ्याला आई गेणसु म्हणते आणि बाबा रताळं म्हणतात, भाकरी आईची रोट्टी होते, भांडण झालं की दोघं आपापल्या भाषेत जातात. पण कडबूला दोन्हीकडे कडबूच. तिने लिहिलं होतं, ‘सणाच्या दिवशी आमच्या घरात हा एक शब्द कोण कुणाकडून घेतलंय ते माहीत नाही.’ सीमेबद्दल आमच्याकडे इतकं बोललं जातं, इतकी वर्षं बोललं जातंय, 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळला जातो, आणि प्रत्येक निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात कुठून तरी घोषणा येतेच. त्या घोषणेमागचं दुःख मला परकं नाही, माझ्या घरातली माणसं त्यासाठी तुरुंगात जाऊन आली आहेत. पण पुरणाच्या पातेल्याशेजारी बसून लिहिलेलं हे एक वाक्य मी पुष्कळ दिवस बरोबर वागवलं. त्यातही ‘कोण घेतलंय’ होतं. प्रमाण मराठीत ‘कुणी घेतलाय’. तिथेही मी गोल केला होता.

माझं बालपण वडगावचं. गल्लीत माग होते, सकाळपासून त्यांचा खटका सुरू व्हायचा आणि गल्लीच्या टोकाला गेलं की शिवार. आमची थोडी जमीन होती, बासमतीची. बेळगावचा बासमती आता लोक नावाने ओळखतात, तेव्हा आम्हाला तो वासाने कळायचा. भात निसवलं की संध्याकाळी वारा गावाकडे फिरायचा आणि घराघरांत तो वास यायचा, शिजायच्या कितीतरी आधी. बळ्ळारी नाला तुंबला की मात्र सगळं पाण्याखाली. आठ-आठ दिवस रोपं पाण्यात राहायची, मग कुजल्याचा वास यायचा, आणि आजी डोक्यावर पोतं घेऊन बांधावर जाऊन उभी राहायची. करण्यासारखं काही नसायचं, तरी जायची. परत आली की पाय धुता धुता सांगायची, “बघून आलो. गेलंय सगळं.” बघून आलो. माझी आजी आयुष्यभर ‘आलो’, ‘गेलो’, ‘जेवलो’ म्हणाली. आई तशीच बोलते. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका तशाच बोलायच्या आणि त्यात कुणाच्याही बाईपणाला काही कमी पडलं नाही. मीसुद्धा तशीच बोलायची.

एम.ए.ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात गेले. कोल्हापूर म्हणजे काही परदेश नाही, तिथल्या खेड्यांतल्या बायकाही ‘मी आलो’ म्हणतात. पण हॉस्टेलवर माझ्या खोलीत पुण्याची एक आणि साताऱ्याची एक. पहिल्याच रात्री मी सहज म्हटलं, “मी जेवून आलो,” आणि दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्या वाईट नव्हत्या. पुढे चांगल्या मैत्रिणी झाल्या. पण त्या बघण्यानंतर मी तीन-चार दिवस फार कमी बोलले. प्रत्येक क्रियापदाच्या आधी मनात एक उंबरठा आला. तो ओलांडायला जरा वेळ लागायचा, मग हळूहळू लागेनासा झाला. आता वर्गात, सभेत, लिहिताना ‘आले-गेले’ आपोआप येतं. आईचा फोन आला की मात्र स्टाफरूममधून उठून व्हरांड्यात जाते. “निघालो की गं, येतो तासाभरात,” असं माझ्या तोंडून जातं आणि ते सहकाऱ्यांनी ऐकू नये असं कुठेतरी वाटतं. हे मी इतकी वर्षं करत आले आणि एकदाही स्वतःला विचारलं नाही की का.

त्या लाल गोलांत काय होतं, हे मला त्या दोन आकड्यांपाशी थांबल्यावर थोडं थोडं दिसायला लागलं. सीमाभागात मराठी शिकवताना पाठीमागे एक भीती उभी असते. आपली मराठी अशुद्ध आहे असं पुण्या-मुंबईने म्हणू नये, आणि ही मराठीच नव्हे असं इथे कुणी म्हणू नये. दोन्ही बाजूंना आपण पुरेसे मराठी आहोत हे सिद्ध करायचं असतं. ते सिद्ध करायचं ओझं आपण अठरा वर्षांच्या पोरींच्या क्रियापदांवर टाकतो. मी टाकत होते.

निवाऱ्याच्या गठ्ठ्याला वर्ग नेहमी गप्प होतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये जो पाऊस झाला, त्यात या मुलांपैकी कितीतरी जणांनी आपलं घर पडताना पाहिलं आहे. तेव्हा ती शाळेत होती. आमच्या जिल्ह्यात त्या आठवड्यात मातीच्या भिंती बसायला लागल्या त्या एकामागून एक. धरणांची, पुलांची छायाचित्रं पेपरात आली, घराच्या पडलेल्या भिंतीत मात्र छायाचित्रासारखं काही नसतं. ती रात्री पडते. एका मुलाने लिहिलं की पडायच्या आधी भिंत घाम आल्यासारखी ओली लागत होती आणि आजोबा दर तासाला उठून तिला हात लावून बघत होते. मधल्या सोप्यात सगळ्यांना घेऊन बसले, जनावरं सोडून दिली. पहाटे पश्चिमेची भिंत खाली बसली. ‘पडली नाही. म्हातारं माणूस बसतंय तसं बसली.’ 

मी त्या गठ्ठ्यात मातीच्या भिंतीच्या कामाचं वर्णन ठेवलं आहे. माती भिजवून, त्यात पिंजर आणि तूस घालून पायांनी तुडवायची, मुरू द्यायची, मग थर घालायचा. एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. दीड हात रुंद भिंत उभी राहायला सबंध उन्हाळा जातो. पावसाळ्यात झडीच्या बाजूला बाहेरून गवताचा आडोसा बांधायचा. तो आडोसा बांधणारी माणसं आता पुण्याला, गोव्याला कामाला असतात. भिंती पावसाने पडल्या हे खरंच, पण आडोसा कधीपासून बांधला गेला नव्हता हा प्रश्न मुलांनी घरी विचारला तेव्हा बऱ्याच घरांत त्यावर बोलणं झालं. त्या मुलाच्या आजोबांनी पडलेल्या भिंतीची माती उचलू दिली नव्हती. जेसीबीवाला ट्रॉली भरायला आला, तर त्याला परत पाठवलं. पांढरीची माती आहे, म्हणाले, एवढ्या वर्षांचा धूर आणि शेण खाल्लीय, भातात घाला. गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पडलेलं घर उचलून शेतात पसरता येतं, हे त्या वहीत पहिल्यांदा वाचलं. सरकारी मदतीतून त्यांचं नवं सिमेंटचं घर झालं आहे. उन्हाळ्यात त्यात झोपवत नाही, असंही त्याने लिहिलंय, आणि भिंतीला हात लावून बघायला आता आजोबांना उठावं लागत नाही, असंही. दोन्ही खरं. त्याने त्यातलं एक निवडलं नाही म्हणून मला तो लेख फार आवडला.

तिसऱ्या गठ्ठ्याचं नाव मी ‘निसर्ग’ ठेवलं होतं. ते एका मुलाने बदलायला लावलं. तो भीमगड अभयारण्याच्या आतल्या एका वाडीतला. पावसाळ्यात त्यांच्याकडे रस्ता राहत नाही, ओढ्यावर लाकडाचा साकव घालतात, आजारी माणसाला खांद्यावरून डांबरीपर्यंत आणावं लागतं. वर्गात मी बारापेड्याच्या गुहांवरचा उतारा दिला होता. खानापूर तालुक्यातल्या त्या गुहांत राहणाऱ्या वटवाघळाची शास्त्रात नोंद 1913 साली झाली आणि नंतर कित्येक दशकं जगात दुसरीकडे कुठे ते सापडलंच नव्हतं. मला वाटलं होतं मुलं हरखून जातील. काही हरखली. हा मुलगा म्हणाला, “मॅडम, निसर्ग हा शब्द आमच्या गावात कोण म्हणत नाही. आमी रान म्हणतो.” मी विचारलं, दोन्हीत फरक काय? तो बराच वेळ थांबला. म्हणाला, “निसर्ग बघायला येतात. रानात जावं लागतं.” 2011 साली अभयारण्य जाहीर झाल्यावर त्याच्या गावातल्या लोकांना त्यातला एक शब्द ऐकावा लागतो आणि दुसरा जगावा लागतो. त्याच दिवशी मी गठ्ठ्यावरचं नाव खोडून ‘रान’ केलं.

तेवढं मी केलं. पण त्याच रानाच्या गठ्ठ्यात वाळवीवरचा तो लेख होता, जो मी खूप शोधून मिळवला होता. वाळवी वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करते. पालापाचोळा चावून त्याचा थर रचते, त्यावर बुरशी वाढवते, आणि पाऊस पडला की त्याच बुरशीची छत्री जमीन फोडून वर येते. त्या अळंब्या आपण खातो. वारूळ राहिलं तरच अळंब्या पुन्हा येतात. मुलांना शास्त्रीय गद्य किती नेमकं असतं ते दाखवावं म्हणून मी तो लेख घेतला होता. पावसाळा संपता संपता, तो लेख वर्गात वाचत असताना, मध्येच माझा आवाज अडकला. जांबोटीकडची ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसून ऐकत होती. तिच्या पहिल्या वहीत हेच होतं. ‘आई खुरपं आणू दिली नाही. म्हणाली वारूळ फुटलं की फुडच्या वर्साला येत नाहीत. कळ्या होत्या त्या मी काढलो नाही, वर पान झाकून ठेवलो.’ सगळा लेख चार ओळींत, आणि त्या चार ओळींत माझे पाच लाल गोल. तिच्या आईने शिकवलेलं खोडून त्याच गोष्टीची झेरॉक्स मी तिच्या हातात दिली होती.

त्या संध्याकाळी मी गणपत गल्लीतून चालत गेले. जूनमध्ये तिथे खानापूरकडच्या बायका पानांत अळंब्या मांडून बसतात. आता हंगाम संपला होता, त्या जागी रताळी आली होती, माती न धुतलेली. एक बाई दुसरीला सांगत होती, “सकाळधरनं बसलो, चहाबी प्यालो नाही.” मी उगीचच तिथे थांबून किलोभर रताळी घेतली.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलीला बोलावलं आणि पहिली वही मागितली. ती म्हणाली, तो कागद फाडून टाकला. मी म्हटलं, पुन्हा लिही, जसं आधी लिहिलं होतंस तसं. तिला ते पटलं नाही. “परीक्षेत मार्क जातील की मॅडम,” म्हणाली. हे खरं होतं. पेपर माझ्याकडेच तपासायला येईल असं नाही. जिथे येईल तिथे कुणीतरी असाच लाल पेन घेऊन बसलेलं असेल, आणि त्या माणसाला ‘गेलो’ दिसेल, वारूळ दिसणार नाही. तिला नोकरी हवी आहे, बी.एड. करायचं आहे, उद्या ती स्वतः एखाद्या शाळेत मराठी शिकवेल. तिला ‘गेले’ यायलाच हवं. मला हॉस्टेलवर जे तीन-चार दिवस गप्प बसावं लागलं, ते तिच्या वाट्याला येऊ नये असंही वाटतं. आणि तिने घरची भाषा माझ्यासारखी व्हरांड्यात नेऊन ठेवू नये असंही वाटतं. दोन्ही मला एकाच वेळी हवं आहे, आणि वर्गात उभी राहून हे दोन्ही कसं द्यायचं ते मला अजून जमलेलं नाही. संवाद घरच्या बोलीत लिहा, निवेदन प्रमाण भाषेत लिहा, असं मी सांगून पाहिलं. पुष्कळ लेखक तसं करतात. पण तिच्या लेखात संवाद जवळजवळ नव्हताच. आई-लेकी रानात बोलत नाहीत, असं तिचं म्हणणं. बोललं की लक्ष जातं आणि पाऊल कळ्यांवर पडतं.

आणखी दहा-बारा दिवस गेले. सेमिस्टरच्या शेवटी वह्यांचा गठ्ठा पुन्हा आला. तिची वही मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिने तिसऱ्यांदा लिहिलं होतं, अडीच पानं. ‘मिरगाचा पाऊस पडून गेल्यावर आम्ही अळंब्या काढायला गेलो.’ माझ्या हातात पेन उघडाच होता. गेलो. पण आम्ही गेलो. पुढचं वाचत गेले. आम्ही ओढ्याच्या कडेनं चाललो. आम्ही वारुळापाशी थांबलो. आम्ही वाकलो. आम्ही भिजलो. सगळी क्रियापदं निवडून घेतलेली, चालण्याची, थांबण्याची, बसण्याची. बघितलो, काढलो, ठेवलो, जिथे गोल झाले असते त्यांतलं एकही नाही. अडीच पानांत ‘मी’ कुठेच नव्हतं. तिच्या घरीही हे असंच म्हणत असतील आणि पुण्यातही असंच म्हणतात. ‘आम्ही’ला बाई-पुरुष नसतो. इतकी वर्षं व्याकरण शिकवून ही वाट माझ्या लक्षात आली नव्हती. वारूळ परत आलं होतं. खुरपं घरी राहिलं होतं. शेवटची ओळ होती, ‘न उमललेल्या कळ्यांवर पानं झाकून आम्ही परत आलो.’

तास संपल्यावर मी तिला थांबवलं. हे ‘आम्ही’ कसं सुचलं असं विचारलं. तिने दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट केला. तिची साडेचारची बस होती आणि ती चुकली तर पुढची थेट सहाला.

“आई होतीच की मॅडम संगट,” ती म्हणाली, आणि जिन्याकडे पळाली.